दोष कोणाचा?

आमच्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू झाला, की रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन!

गेल्या हंगामात रात्री मी मंगळवेढ्याहून मोटरसायकलवर येत होतो. अचानक समोर काळी भिंत! भिंत कसली, बंद पडलेली ट्रॉली. करकचून ब्रेक दाबला, घसरलो, कोपर सोलवटलं. वाचलो.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात हात नाचवत सांगितलं, "मागे लाल रिफ्लेक्टर लावायला यांना काय होतं? सगळा दोष ट्रॅक्टरवाल्यांचा!"

एक मुलगा मान खाली घालून बसला. त्याचे वडील ऊस वाहतात, हे मी साफ विसरलो होतो. (ती ट्रॉली त्यांची नव्हती म्हणा.) जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "गुरुजी, रिफ्लेक्टर आपोआप पेटत नाही. मागच्या गाडीचा उजेड पडला तरच चमकतो. तुमचा दिवा लागत होता?"

लागत होता, पण मिणमिणता. दोन महिने झाले होते. वेग ताशी 40 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 11 मीटर! ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं. हे गणित वर्गात मीच घालतो, बरं का!

"पण रिफ्लेक्टर नव्हता, ही चूकच," मी म्हणालो.

"चूकच," तोही म्हणाला.

रविवारी दिव्याचा बल्ब बदलला आणि त्याच्या घरी गेलो. वडील ट्रॉलीला लाल चकाकती पट्टी चिकटवत होते, पोरगं कात्रीनं तुकडे कापून देत होतं. मीही शेजारी बसलो.