नावे बाजू

धामणगाव बढे,
ता. मोताळा, जि. बुलढाणा
12 ऑक्टोबर 2025

प्रिय छोट्या,


तुझा निरोप परवा रात्री ऐकला. डिसेंबरात बँकॉकला पबजी मोबाइलची जागतिक फायनल आहे, तिथे कोण जिंकेल असं विचारलंस. शिवाय पुण्यात तुला दोन टीम बोलावताहेत, त्यातल्या कोणत्या टीममध्ये जाऊ हेही विचारलंस. तुझ्या लेखी हे दोन प्रश्न असतील, माझ्या लेखी एकच आहे. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मध्येच बोलणं तोडतोस आणि मग मला जे सांगायचं ते राहूनच जातं.

वहीची आठवण तूच काढलीस. ती वही अजून कपाटात आहे. 2019 च्या जुलैत तू नववीत होतास. बर्लिनला मोठी जागतिक स्पर्धा होती आणि आपल्याकडून टीम सोल गेली होती. मॉर्टल, व्हायपर, ओवेस, रोनक. बाबांच्या फोनवर आपण बघत होतो. लाइट गेलेली, रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीशी यायची, म्हणून दोघं टाकीला टेकून बसलो होतो. पडद्यावर सारखे पावसाळी किडे येऊन बसायचे. तू एका हाताने ते उडवायचास आणि दुसऱ्या हाताने फोन धरायचास. खालून आई ओरडत होती, ‘काहून रे पोट्ट्या, उद्या शाळा नाही का?’ तीन दिवस झाले आणि सोल सोळात बारावी आली. तू जेवला नाहीस. ‘ताई, हैदराबादला मार्चमध्ये हेच सगळ्यांना धूळ चारत होते, मग तिथे काय झालं?’ असं विचारत राहिलास.

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. मी नुकतीच पतसंस्थेत लागले होते, हातात रोजकीर्द आणि खतावणीशिवाय दुसरी विद्या नव्हती. म्हणून तुझी समजूत काढायला एका जुन्या खतावणीची कोरी पानं घेतली आणि जसं खातं लिहितात तसं प्रत्येक टीमचं एक पान उघडलं. ज्या मॅचमध्ये चांगले पॉइंट आले त्या जमा बाजूला, ज्या मॅच हातच्या गेल्या त्या नावे बाजूला. तुला तो खेळ वाटला. मला मात्र चार-सहा महिन्यांत कळलं की टीम ओळखायची ती नावे बाजूवरून.

आमच्याकडे कर्ज प्रकरण येतं तेव्हा पीक चांगलं आलं त्या वर्षाचा हप्ता कोणी बघत नाही. तो सगळेच भरतात. आम्ही बघतो ते पावसाने दगा दिला त्या वर्षी हा माणूस काय करत होता. पूर्ण हप्ता जमला नाही तरी अर्धा घेऊन आला का? स्वतः येऊन सांगितलं का, की जामीनदाराला पुढे करून तोंड लपवलं? यंदाच सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन शेंगेतच काळं पडलं, कपाशीची बोंडं सडली. तरी गेल्या आठवड्यात एक म्हातारे बाबा पाचशेच्या दोन नोटा रुमालात बांधून आले. ‘इतकेच हायेत बाई, पण खातं तुटू देऊ नका.’ ते खातं मी डोळे मिटून चांगलं म्हणेन.

आता हेच गुणपत्रकाला लाव. हल्लीच्या स्पर्धांत पहिल्याला 10, मग 6, 5, 4, 3, 2, 1, 1, आणि नवव्यापासून सोळाव्यापर्यंत शून्य. समोरचा एक खेळाडू बाद केला की एक फिनिश, आणि प्रत्येक फिनिशला एक पॉइंट. समजा एका टीमने सहा मॅचमध्ये एकदा चौदा फिनिश घेऊन चिकन डिनर केलं, म्हणजे पहिली आली. त्याचे झाले 24. उरलेल्या पाच मॅचमध्ये लवकर बाद होऊन दोन-दोन फिनिश. म्हणजे सगळे मिळून 34. दुसरी टीम सहाही वेळा पाचवी आली आणि प्रत्येक वेळी चार फिनिश घेतले. तिचे 42. रील निघतात पहिल्या टीमचे आणि करंडक उचलते दुसरी. जागतिक फायनल तीन दिवस आणि अठरा मॅच चालते. अठरा मॅच सुगी कुणाचीच राहत नाही.

सोलचं बर्लिनमध्ये काय चुकलं यावर माझं मत तेव्हापासून बदललेलं नाही. आपली पोरं अंगावर जाऊन लढायला शिकली होती. देशात ते चाललं, कारण समोरचा घाबरायचा. बर्लिनमध्ये कोणी घाबरणारं नव्हतं. चीनची टॉप ईस्पोर्ट्स जिंकली. मला त्यांच्या खेळात आवडलं ते त्यांचं थांबणं. एखाद्या कंपाउंडमध्ये चौघं बसलेत, समोरून दोन टीम एकमेकींना भिडताहेत, आणि यांच्यातला एकही बोट ट्रिगरवर नेत नाही. गोळी झाडली की आपली जागा आसपासच्यांना कळते, एवढं साधं कारण. पण हातात भरलेली बंदूक आणि समोर उघडा माणूस असताना ती न झाडणं किती अवघड आहे, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत?

मग 2020 चा उन्हाळा. टाळेबंदीत सगळं ऑनलाइन झालं आणि वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात आपली ऑरेंज रॉक दुसरी आली. मावी आयजीएल, म्हणजे खेळताना निर्णय घेणारा, होता, मुंबईचा स्काउट होता. ते पान मी अजून कधी कधी उघडते. आपल्या टीमच्या नावे बाजूला इतकं कमी लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. झोन, म्हणजे सुरक्षित वर्तुळ, विरुद्ध दिशेला गेला तरी घाई नाही. एक जण नॉक झाला तर उरलेले तिघं त्याच्यामागे धावत सुटत नाहीत, आधी धूर, मग एक जण उचलायला, बाकीचे दोघं पहाऱ्याला. पहिली आली इंडोनेशियाची बिगेट्रॉन आरए. झक्सी आणि लक्सी हे जुळे भाऊ त्यांच्यात. त्याआधीच्या वर्षी क्वालालंपूरची स्पर्धाही त्यांनीच मारली होती. तू म्हणायचास, जुळे आहेत म्हणून एकमेकांच्या मनातलं कळतं. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. आपण दोघंही एका आईची लेकरं, तरी पाणी भरायची पाळी कोणाची यावर आपलं कधी एकमत झालं? एकत्र घालवलेले तास आणि ठरलेलं काम, त्याने ते कळतं.

त्या यशाला महिनाही झाला नव्हता तोच 2 सप्टेंबरला सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइलही गेलं. सीमेवरची परिस्थिती होती, निर्णय देशाचा होता, त्यावर मी बोलणार नाही. पण ऑरेंज रॉकच्या त्या पोरांबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. 2021 च्या जानेवारीत दुबईला जागतिक फायनल झाली तेव्हा आपलं कोणीच नव्हतं. नोव्हा पहिली, फोर अँग्री मेन दुसरी, दोन्ही चीनच्या. पुढच्या वर्षीही नोव्हाच. आपल्या पोरांना मधली ती वर्षं मोठ्यांशी फारसं खेळायला मिळालं नाही. 2021 च्या जुलैत त्याच खेळाचा भारतातला अवतार बीजीएमआय आलं, 2022 च्या जुलैत तेही बंद झालं, 2023 च्या मेमध्ये परत आलं. रांगत्या पोराला दोनदा उचलून पुन्हा जमिनीवर ठेवावं तसं झालं. आज आपल्या टीम बाहेर गेल्या की लोक लगेच नावं ठेवतात. मी ठेवत नाही. हप्त्यांची सवयच मोडली गेली होती.

त्यानंतर कोण जिंकलं ते बघ. जकार्ताला तुर्कस्तानची एसटूजी, इस्तंबूलला मंगोलियाची आयएचसी, लंडनला कोरियाची डीप्लस किया. यंदा ऑगस्टमध्ये रियाधला म्यानमारची यांगून गॅलॅक्टिकोस. मंगोलियाची लोकसंख्या जेमतेम 35 लाख. आपला बुलढाणा जिल्हाच 2011 च्या जनगणनेत 26 लाखांच्या आसपास होता. दीड बुलढाण्याहूनही छोटा देश जगाचा करंडक घेऊन जातो आणि आपण म्हणतो आपल्याकडे सोयी नाहीत. सोयी नाहीत हे खरंच आहे, मी टाकीला टेकून बसलेली आहे, मला सांगू नकोस. पण आयएचसीच्या खेळात मला जे दिसलं त्याला सोयी लागत नाहीत. वाईट मॅचनंतर पुढच्या मॅचमध्ये ते नेहमी उतरतात तिथेच उतरतात, गाडी तीच घेतात, वाट तीच धरतात. चिडून नवं काही करायला जात नाहीत.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचंही सांगते, कारण पुढच्या सप्टेंबरात नागोयाला पबजी मोबाइल पुन्हा आहे आणि तू त्याच्या गोष्टी करतोस. 2023 ला तिथे ई-स्पोर्ट्सची पदकं पहिल्यांदा मोजली गेली. या खेळाचा वेगळा अवतार ठेवला होता. माणसांवर गोळी नाही, गाड्या पळवायच्या आणि लक्ष्य फोडायची. चीनला सुवर्ण, कोरियाला रौप्य, चिनी तैपेईला कांस्य. त्याच हांगझोऊत आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर कंपाउंड तिरंदाजीत सांघिक सुवर्ण घेतलं, कोरियाला 235-230 ने हरवून. गावात त्या दिवशी जो तो फोनवर तेच दाखवत होता. मला त्यातली एक गोष्ट फार लागली. एकाचा बाण दहात न बसता नऊवर गेला की पुढे येणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मागच्याकडे वळून बघणं नाही, हात झटकणं नाही. तो येतो, उभा राहतो, आपला बाण सोडतो. ई-स्पोर्ट्सच्या प्रक्षेपणात खेळाडूंचे चेहरे दाखवतात ना, तेव्हा मी स्कोअर सोडून तेच बघते. कोणीतरी चुकल्यावर बाकीच्या तिघांची तोंडं.

म्हणून बँकॉकबद्दल मला विचारशील तर मी चिनी आणि मंगोलियन टीमवर पहिली नजर ठेवीन, कोरियन टीम तिसऱ्या दिवशी कशा खेळतात ते बघीन आणि म्यानमारला यंदा कोणी हलक्यात घेऊ नये असं म्हणीन. आपल्याकडून जे जातील त्यांच्यासाठी मी देवाला हात जोडीनच, पण वहीत लिहिताना हात आखडणार नाही. पहिल्या दिवशीच्या सहा मॅचमध्ये त्यांना किती वेळा शून्य मिळतं ते मला सांग, पहिल्या नंबरचं नको.

आता तुझं.

तू दोन्ही टीमबरोबरच्या बारा-बारा स्क्रिमचे, म्हणजे सराव मॅचचे, पॉइंट पाठवलेस. रात्री जेवणं झाल्यावर मी दोन पानं लिहिली. पहिल्या टीमबरोबर दोन चिकन डिनर, 23 आणि 21. ते तू लाल शाईने लिहिल्यासारखे सांगितलेस. उरलेल्या दहा मॅच मिळून 19, त्यात चार वेळा शून्य. सगळे 63. दुसऱ्या टीमबरोबर एकही चिकन डिनर नाही, म्हणून तू त्यांना ‘मंद’ म्हणालास. कमीत कमी 4, जास्तीत जास्त 9, आणि सगळे 78. बाराच्या बारा मॅचमध्ये हप्ता भरलाय त्यांनी, छोट्या.

आणि तू जे रेकॉर्डिंग पाठवलंस, पहिल्या टीमच्या सातव्या मॅचचं, ते मी तीन वेळा पाहिलं. एरांगेलचा नकाशा, रोझोकच्या वरची टेकडी. तुमचा सपोर्टवाला नॉक होऊन दगडामागे पडलाय. तो दोनदा म्हणतो, ‘भाई, स्मोक टाक.’ तुझ्याकडे दोन स्मोक आहेत, बॅग उघडतोस तेव्हा दिसतात. तू गाडीकडे पळालास, कारण खाली तुला एकटा माणूस दिसला. एक फिनिश मिळालं. मग दीड मिनिटात चौघंही बाद. आणि त्यानंतर तू त्या पोराला जे बोललास ते ऐकून मी फोन ठेवून दिला आणि थोडा वेळ ओट्यावर जाऊन बसले. आपल्या घरात कोणी कोणाला तसं बोलत नाही. त्याला आज फोन कर. टीम कोणतीही घे, फोन आधी कर.

दुसऱ्या टीमच्या रेकॉर्डिंगमध्येही तसाच प्रसंग आहे, तुझ्या लक्षात आला का? नवव्या मॅचमध्ये तूच पडलास, चूक तुझीच होती. पलीकडून तो शांत आवाजाचा मुलगा फक्त एवढंच म्हणतो, ‘थांब, आलोच.’ आणि येतो. त्या मॅचचे सहा पॉइंट आहेत. मला ते तुझ्या 23 पेक्षा मोठे वाटतात.

बाबांना मी समजावलंय. ऑगस्टच्या कायद्याने पैसे लावायचे खेळ बंद झाले, ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळा ठेवलाय, हे त्यांना पेपरातून वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण सोमवारी मलकापूरला गेले तेव्हा तुझ्यासाठी चार्जर घेऊन आले. मला म्हणाले, तू पाठवतेस असं सांग. मी तसं सांगणार नाही.

दिवाळीला यायचं तिकीट मलकापूरपर्यंतच काढ, पुढे मी न्यायला येते. आईने शेव आत्ताच करून ठेवली आहे, निम्मी संपलीसुद्धा. येताना बँकॉकच्या टीमची यादी निघाली असेल तर लिहून आण, आणि त्या सपोर्टवाल्या मुलाला आपल्याकडे यायचं असेल तर त्यालाही घेऊन ये. गच्चीवर आता रेंज बरी येते.

तुझी,
ताई