आजीचं तळं

आमच्या कॉलेजात ट्रेक म्हटलं की राजगड नाहीतर हरिश्चंद्रगड! मी चौसाळ्याचा (जि. बीड) म्हटल्यावर रूममेट हसायचे, "तुमच्याकडे डोंगर तरी आहेत का?" आता हरिश्चंद्रगडापासून निघालेली बालाघाटची रांगच आमच्याकडे येते, हे यांना कोण सांगणार?

शेवटी पाडव्याच्या सुट्टीत दोघांना गावी घेऊन आलो. ठरलं, डोंगरातल्या पाझर तलावापर्यंत चालत जायचं. आजीनं भाकरी अन् ठेचा बांधून दिला. "भात्तरच्या दुष्काळात म्या तिथं डोक्यावर माती वाहिलीय. पाणी हाय का बघून ये रं." १९७२ च्या त्या कामाच्या अन् तिथं मिळणाऱ्या सुकडीच्या गोष्टी तिनं कितीदा तरी सांगितल्यात.

सकाळी सहाला निघालो. हायवेवरच्या ट्रकचा आवाज मागं पडला. ज्वारी काढून रानं मोकळी झालेली. बांधावरच्या कडुलिंबाला कोवळी पालवी, उतारावर मधूनच एखादा फुललेला पळस. दोन तासांनी भराव चढून वर आलो, तर तळ्यात डबकंभर पाणी! बाकी सगळा भेगाळलेला गाळ.

"सिव्हिलवाले, डिझाइन फेल!" एकजण ओरडला. मीही हसलो. खरं सांगू? आतून शरमलो होतो. आजीला काय सांगणार?

परतताना बाटल्या रिकाम्या. भरावाच्या खालच्या अंगाला एक विहीर दिसली, मोटार चालू होती. तिथल्या मामांनी पाइप आमच्याकडे वळवला. "प्या पोरांनो, तळ्याचंच हाय. औंदा पाऊस बरा झाला. वर दिसत न्हाई एवढंच."

मी गप्प! पाझर तलावाला कालवा नसतो. अडवलेलं पाणी मुरमातून, खडकाच्या भेगांतून खाली मुरावं आणि विहिरींना लागावं, हेच त्याचं काम. उन्हाळ्याआधी जेवढं मुरेल तेवढं वाफ होण्यापासून वाचतं. पेपरात हेच लिहून मी मार्क मिळवले होते, आणि समोर तलाव आला तर ओळखता आला नाही!

संध्याकाळी आजीनं विचारलं, "व्हतं का पाणी?"

"तळ्यात थोडंच. खालच्या हिरीत भरपूर."

"मंग झालं की!"

'फेल' म्हणणाऱ्या मित्रानं हळूच विचारलं, "आजी, तुम्ही किती दिवस होता त्या कामावर?"

"दिवस कुठं मोजले, बाबा? आम्ही पाट्या मोजायचो."