मातोरीच्या चढावर

सायकल आमच्या पॅसेजमध्ये तीन वर्षं नुसती उभी होती. नोकरीसाठी बंगळूरला जाताना मुलगा बजावून गेला होता, "आई, विकू नकोस हं!" विकली नाही, पण तिच्यावर माझा सगळा संसार मात्र मांडला. हँडलला भाजीची पिशवी, सीटवर वाळणारं पायपुसणं आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्या. एकवीस गिअरच्या त्या सायकलला स्वतःची लाज वाटत असेल!

२०२२ च्या दिवाळीत झाडलोट करताना हे वैतागून म्हणाले, "एक तर ही विकून टाक, नाहीतर चालव तरी." ह्यांनी थट्टेनं म्हटलं, मी मात्र मनावर घेतलं. लग्नाआधी संगमनेरला आम्ही मैत्रिणी तासावर भाड्यानं सायकल घेऊन गावभर हुंदडत असू. नाशिकला सासरी आले आणि सायकल सुटली. कुणी मनाई केली असं नाही हो! पण पाचवारीत, डोक्यावर पदर घेऊन सायकल कोण चालवणार? मनाई न करताही कितीतरी गोष्टी सुटतात, हे तुम्हांला मी काय सांगायचं!

दुकानदाराकडून सीट खाली करून घेतली, ब्रेक तपासून घेतले आणि पहिले आठ दिवस आमच्या कॉलनीच्या मैदानात चकरा मारल्या. पंचावन्नाव्या वर्षी तोल सांभाळता आला, तेव्हा दहावी पास झाल्यासारखा आनंद झाला. शेजारच्या वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "काय हो, तुम्हीपण आता अमेरिकेला जाणार की काय?" आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी, जवळजवळ पाच हजार किलोमीटरची सायकल शर्यत पुरी केली होती, त्याचा हा टोमणा. मी म्हटलं, "अमेरिका राहू दे, गंगापूर धरण गाठलं तरी पुष्कळ!"

गाठलं की! आणि त्यातूनच आमच्या भोवतालच्या आडवाटा कळत गेल्या. नाशिकच्या पश्चिमेला सगळा द्राक्षमळ्यांचा आणि टेकड्यांचा मुलूख. गंगापूर रोडनं धरणाकडे, गोवर्धन-सावरगावच्या बाजूला वायनरी आहेत. सुलाची वायनरी १९९९ साली सुरू झाली, मग आणखी आल्या. सकाळच्या उन्हात धरणाचं पाणी चमकत असतं आणि काठाच्या उतारावर वेलींच्या ओळी. पण शनिवार-रविवारी तिकडे मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा जायचं ते मधल्या वारी आणि सूर्य उगवता उगवता. त्र्यंबकचा आणि पेठचा हमरस्ता मी टाळते. तिथे मोठ्या गाड्या अंगावर येतात. सर्वांत निवांत रस्ता म्हणजे मखमलाबादवरून मातोरी, मुंगसरे आणि पुढे गिरणारे. उजव्या हाताला रामशेजचा किल्ला सोबत करतो. १६८२ साली मोगलांनी वेढा घातला, तेव्हा तो काही वर्षं त्यांना दाद देत नव्हता, तोच हा रामशेज.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. जाताना दम लागायचा आणि येताना पाय न मारताही सायकल पळायची. गोदावरी पश्चिमेच्या डोंगरातून पूर्वेकडे वाहत येते. आपण पश्चिमेला निघालो म्हणजे नदीच्या उलट, चढावरच निघालो! इतकी वर्षं या गावात राहून हे मला सायकलनं शिकवलं.

चढाचीही युक्ती आहे, मैत्रिणींनो. चढ सुरू झाल्यावर नव्हे, दिसताक्षणीच गिअर हलका करावा. भर चढावर खटाखट गिअर बदलले की साखळी उतरते. पाय भराभर पण हलके फिरवावेत, नेट लावला की गुडघे दुखतात. अगदीच झेपलं नाही तर उतरून चालावं, त्यात कमीपणा नाही. हेल्मेट हवंच. सलवार-कमीज घालत असाल तर ओढणी घरीच ठेवा, चाकात अडकली तर प्राणाशी गाठ. जाताना सूर्य पाठीशी असतो, पण परतताना डोळ्यांवर येतो, म्हणून पुढे झाप असलेलं हेल्मेट बरं. सोबत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि गूळ-तूप लावून गुंडाळलेली पोळी. मळ्यात ट्रॅक्टरनं औषध फवारणी चालू असेल तर लांबच थांबून ती सरू द्यावी. आणि रस्त्याकडेचा घड कितीही खुणावला तरी तोडू नये. त्यावर औषध असतं, शिवाय तो कुणाच्या तरी घामाचा असतो.

हे शेवटचं मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचाही मळा होता, मातोरीच्या पुढे, चार एकर. हे शाळेत शिक्षक. मळा पाहायचे मामंजी. खायच्या द्राक्षांचा मळा म्हणजे तान्ह्या मुलाचा संसार. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग घडांची विरळणी, मणी फुगावेत म्हणून एकेक घड औषधात बुडवायचा, उन्हानं रंग बिघडू नये म्हणून कागदानं झाकायचा. थंडी फार पडली तर रात्री मळ्यात शेकोट्या पेटवायच्या. डिसेंबरच्या सुट्टीत मीही जाऊन बायकांबरोबर विरळणीला बसत असे.

२०१४ च्या मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा आमचा माल काढणीला आला होता. दुसऱ्या दिवशी मळ्यात गेलो तर मांडवाखाली मण्यांचा चिखल. मामंजी खाली वाकून एकेक घड उचलून पाहत होते, जणू एखादा तरी धड निघेल. कर्ज होतंच. पुढच्या वर्षी मळा विकावा लागला आणि त्याच्या पुढच्या वर्षी मामंजी गेले. तेव्हापासून ह्यांनी मातोरीचा रस्ता सोडला. गिरणाऱ्याला कुणाचं लग्न असलं तरी गंगापूर रोडनंच जायचं. मी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि मी एका बुधवारी, जानेवारीत, तोच रस्ता धरला. खरं सांगते, ठरवून नाही. मखमलाबादपर्यंतच जायचं होतं. रस्ता मोकळा होता, गारवा छान होता, पाय थांबेनात. मातोरीच्या पुढचा चढ संपला आणि उजवीकडे आमचा बांध! मोटारीतून गेले असते तर मान वळवून पुढे निघून गेले असते. सायकलवर तसं होत नाही. चढानं दम लागलेला असतो, थांबावंच लागतं.

आमचा मांडव नव्हता. त्या जागी कुंपणासारख्या सरळ, कमरेएवढ्या ओळी आणि त्यांना बारीक काळे घड. वाईनची द्राक्षं! मणी लहान, साल जाड, आत बी. मामंजी अशा द्राक्षांना हसायचे, "बी थुंकत बसायला लोकांना वेळ आहे का?" विहीर तिथेच होती. बांधावरचा, मामंजींनी लावलेला आंबा केवढा तरी झाला होता.

"ताई, तुम्हीच ना?" ओळींमधून एक बाई आली. पेठकडून विरळणीला यायची ती, तिनं मला हेल्मेटातही ओळखलं. तिनं विहिरीवर नेलं, पाणी दिलं. "आजोबांचा आंबा मालकानं तोडला नाही," म्हणाली. "आम्ही जेवायला त्याच्याखालीच बसतो." मी तोंडावर पाणी मारण्याच्या निमित्तानं वळले.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडीवालीच्या पगारापासून सगळं सांगत आले, आणि हेच लपवलं. दर बुधवारी जायची, बांधावरून सायकल हातानं ढकलत विहिरीपर्यंत, आंब्याखाली पाच मिनिटं बसायची नि परत यायची. "कुठवर गेली होतीस?" "धरणाकडे." खोटं बोलले की जेवण गोड लागेना, पण सांगावं तर ह्यांची जुनी जखम उघडणार. आणि, आता कबूल करते, सांगितलं तर माझा तो रस्ता बंद होईल, अशीही धास्ती होती.

मार्चमधली गोष्ट. मी आत पोळ्या लाटत होते, हे पॅसेजमध्ये सायकल पुसत होते. अलीकडे ह्यांनी ते काम आपणहून घेतलं होतं. बराच वेळ फडक्याचा आवाज येईना म्हणून डोकावले, तर हे मागच्या टायरच्या खाचेतली माती नखानं काढून बोटांत चुरत होते.

"ही धरणाकडची माती नाही," हे म्हणाले.

शिक्षक झाले तरी शेतकऱ्याचा मुलगा! माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, तरी दोघंही हललो नाही.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "विहिरीला पाणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "आणि मामंजींचा आंबापण आहे. यंदा मोहोर चांगला आलाय."

पुढे काही बोलले नाहीत. जेवताना करपलेली पोळी मात्र स्वतःच्या ताटात घेतली. पुढच्या बुधवारी पहाटे उठले तर सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरलेली आणि पाण्याची बाटली अडकवलेली.

मला तेव्हा वाटलं, आता सगळं सुरळीत होईल, हेही येतील नि आंब्याखाली बसतील. तसं काही झालेलं नाही. ह्यांचे गुडघे दुखतात, सायकल जमत नाही. पण आता बुधवारी स्कूटरवरून माझ्या मागे मागे मातोरीपर्यंत येतात. तिथे चहाच्या टपरीवर पेपर वाचत थांबतात. मी पुढचा चढ एकटीच चढते, विहिरीवर जाऊन येते. परतले की माझ्यासाठी चहा सांगतात नि एवढंच विचारतात, "कसं आहे?"

मी सांगते. छाटणी झाली, ओळींना पाणी सोडलंय, आंब्याला कैऱ्या धरल्यात. परवा त्या बाईनं दोन कैऱ्या माझ्या पिशवीत टाकल्या. ह्यांनी एक हातात घेतली, वास घेतला नि म्हणाले, "हिचं लोणचं घालू नकोस. पिकू दे."

तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.