पखवाजाची जागा

मार्गशीर्षात अंबाजोगाईत योगेश्वरीचं नवरात्र असतं आणि त्या दिवसांत आमच्या भजनी मंडळाला घरी बसायला सवड नसते. माझी २००८ सालची बोलेरो म्हणजे मंडळाचा टेम्पोच. मागच्या समोरासमोरच्या बाकांमध्ये पेटी, पखवाज, टाळांची पिशवी, सतरंज्या. आणि त्यातच कुठंतरी जॅक, टॉमी, पाने.

दोन वर्षांपूर्वी परळीहून कीर्तन आटोपून परत येत होतो. घाटातल्या एका वळणावर समोर उसाची ट्रॉली. मागं ना लाल दिवा, ना रेडियम. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, मागचं सामान थांबलं नाही. खाडकन आवाज झाला आणि आमचे पखवाजवाले आप्पा म्हणाले, "गेला."

मागचं दार उघडलं. दिवा लागेना. इतक्या जुन्या गाडीत दाराच्या स्विचला गंज धरला होता. दार उघडल्यावर त्याच्यातूनच अर्थिंग मिळून दिवा लागतो, हे मला पुढं मिस्त्रींकडून कळलं. मोबाईल दातांत धरून बघितलं. जॅक पखवाजाच्या डाव्या तोंडात घुसला होता. पुडी फाटली होती, कणकेचा डबा उलटून पेटीवर पीठ सांडलं होतं. आप्पांनी पखवाज मांडीवर घेतला तो घर येईपर्यंत खाली ठेवला नाही.

उजेडासाठी आधी भाच्याचं ऐकलं. त्यानं डॅशबोर्डखाली निळी पट्टी चिकटवली. रात्री तिचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडायचं, रस्ता दिसायचा नाही. एप्रिलच्या उन्हात डिंक सुटला नि पट्टी पायाशी लोंबू लागली. मग वायरमन मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "सर, उजेड पायजे का रोषणाई?"

त्यांनी मला मागच्या दाराशी वाकायला लावलं आणि पाठीमागून बॅटरी मारली. माझीच सावली सामानावर. "छताला कितीबी मोठा दिवा लावा, वाकलं की असंच हुणार." मग त्यांनी दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी उभ्या एलईडी पट्ट्या बसवल्या, एका बाजूची सावली दुसरी बाजू खाते. दारावर मुद्दाम लावल्या नाहीत, रोजच्या उघडझापीत वायर तुटते. उजेड पिवळसर घेतला, डोळ्यांवर येत नाही. वायर बॅटरीकडून निघते तिथंच छोटा फ्यूज टाकला. छतातला जुना दहा वॅटचा बल्ब काढून दोन वॅटचा एलईडी आला. जुना रात्रभर चुकून चालू राहिला तर जवळजवळ सात अँपिअर-अवर खायचा. म्हाताऱ्या बॅटरीला सकाळी सेल मारायला तेवढं कमी पडणं पुरे असतं.

सामानाचं काम सुताराकडे. बाकं काढून टाका, असं चार जणांनी सुचवलं होतं; पण आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते, तिला हात लावायचा नव्हता. बाकांमधल्या जागेत बारा एमएमच्या प्लायचा पेटारा बसवला आणि बोल्टनं आवळला. टाळ पितळेचे, दिसायला लहान पण जड. ते तळाला, मधल्या सीटच्या पाठीला टेकून. जॅक आणि टॉमी रेक्झिनच्या पिशवीत, पट्ट्यानं जखडून, वेगळ्या खान्यात. पेटी सपाट. पखवाजाच्या खान्याला आतून काथ्याचा थर आणि वर जुन्या सतरंजीचं अस्तर. आप्पांनी स्वतः येऊन माप दिलं, सुतारानं टेप काढला तर म्हणाले, "टेप कशाला? पखवाजच ठेवून बघ की." दाराजवळ एक अरुंद कप्पा राहिला. त्यात कणकेचा डबा, पाण्याची बाटली आणि सुराला लावायची हातोडी. आधी लागणारं सगळ्यात शेवटी ठेवायचं.

गेल्या मार्गशीर्षात मुकुंदराजांच्या समाधीकडे भजनाला गेलो. गाडी लावेपर्यंत चांगला अंधार पडला होता. मी ऐटीत मागचं दार उघडलं. दोन्ही पट्ट्या लागल्या. प्लायचे कोपरे, टाळांच्या पिशवीची नाडीसुद्धा स्पष्ट दिसत होती. मंडळी बघत राहिली. आप्पांचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. ते कुणाशी तरी बोलत होते. बोलता बोलता, मान न वळवता त्यांनी हात मागं घातला आणि हातोडी काढली. मग डबा काढला.

मी म्हणालो, "आप्पा, उजेड बघा की जरा."

"बघायचं काय त्यात?" कणीक मळत ते म्हणाले. "जागेवर हाय ना समदं."