सनद आणि परवाना

दर वर्षी 1 जानेवारीच्या सुमारास ठाणे-डोंबिवलीच्या बातम्यांत 'तळीरामांवर कारवाई' हा मथळा ठरलेला असतो. माझ्या वर्गातील बहुतेक विद्यार्थ्यांना तळीराम ठाऊक असतो तो एवढ्यापुरताच. तो गडकऱ्यांचा, हे सांगावे लागते. गडकऱ्यांच्या निधनानंतर, 1919 मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'चा नायक सुधाकर हा वकील आहे, हे तर मुद्दाम सांगावे लागते. न्यायालयातील खटक्यापायी त्याची सनद काही काळासाठी जाते, तो अपमान त्याला सोसवत नाही आणि मग तो पहिला पेला येतो.

हे मी वर्षानुवर्षे शिकवत आले. काही वर्षांपूर्वी 31 डिसेंबरची रात्र उलटून गेल्यावर दीड वाजता भावजयीचा फोन आला. "ताई, ह्यांना घोडबंदर रोडला पकडलंय."

धाकटा भाऊ मेजवानीहून परतत होता. नाकाबंदीत यंत्रात फुंकायला लावले. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्क ही कायद्याची मर्यादा. त्याचा आकडा तिच्या बराच वर. सुदैवाने कोणाला धडक बसली नव्हती. गाडी अडकली, परवाना जमा झाला आणि हाती न्यायालयात हजर राहण्याचा कागद आला.

कोर्टनाक्याजवळच्या एका वकिलांकडे मीच त्याला नेले. मोटार वाहन कायद्याचे कलम 185. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2019 च्या दुरुस्तीपासून दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास कैद दोन वर्षांपर्यंत. वकिलांनी 'किती घेतली होती' असे विचारलेच नाही. यंत्राची छापील पट्टी मिळाली का, तिच्यावर वेळ कोणती, अटक दाखवली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरांनी तपासले का, एवढेच विचारले. मग म्हणाले, "कबूल केलंत तर आज दंड भरून मोकळे व्हाल. पण ती शिक्षाच. पुढे कुठल्या अर्जात 'शिक्षा झाली आहे काय' असा रकाना आला, तर 'होय' लिहावं लागेल. लढायचं असेल तर तारखा पडतील, पण जागा आहेत."

'जागा' हा शब्द आम्ही गाण्यासाठी राखून ठेवलेला! पण शब्दांवर त्या गृहस्थांची पकड आमच्याहून पक्की होती. बोलता बोलता त्यांनी अ‍ॅलिस्टर परेरा खटल्याचा दाखला दिला. नोव्हेंबर 2006 मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या माणसांवर गाडी गेली, सात जण मेले. सत्र न्यायालयाने तो 'निष्काळजीपणा' मानला. शिक्षा सहा महिने. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये त्याच कृत्याला 'सदोष मनुष्यवध' म्हटले. शिक्षा तीन वर्षे. ती 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. "तुमच्या भावासमोर त्या रात्री कोणी आलं नाही, एवढाच फरक," ते शांतपणे म्हणाले.

आता कबूल करायचे ते मलाच. मला लढायचे होते. त्याच्या परदेशी बदलीचे घाटत होते, आणि वेळेच्या त्या पट्टीवर काही चूक निघावी अशी मी मनोमन प्रार्थना करत होते. सुधाकराने प्रतिज्ञा मोडली की वर्गात हळहळणारी मी!

तारखेच्या दिवशी गुन्हा कबूल आहे का, असे विचारल्यावर भाऊ 'कबूल' म्हणाला. वकिलांनी फाईल मिटली. बाहेर आल्यावर मी चिडले, तेव्हा म्हणाला, "ताई, किती प्यायलो होतो ते मला माहीत आहे ना."

दंड भरला, परवाना काही महिन्यांसाठी निलंबित झाला. तेवढे दिवस तो डोंबिवलीच्या गर्दीत लोकलला लोंबकळत गेला. बदलीचे पुढे काही झाले नाही. ती का राहिली, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

यंदा तो प्रवेश शिकवताना एका मुलाने विचारले, "मॅडम, सनद काही काळ गेली, तर त्यात एवढं काय?" मी त्याला ही सगळी हकिकत सांगितली. फक्त भाऊ म्हटले नाही. 'माझ्या ओळखीतले एक गृहस्थ' म्हटले.