घाटकोपरचे बुटके

फास्ट लोकलमध्ये माझ्या मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या काकूंनी साहजिकच विचारलं, "फराळ का गं?" मी हो म्हणून मोकळी झाले. आत एकोणीस मावळे, एक तोफ आणि कान तुटलेला वाघ आहे, हे समजावेपर्यंत माझं स्टेशन आलं असतं. आणि ही सगळी मंडळी बुटक्यांना भेटायला चाललीत, हे सांगायला तर कुर्ल्यापर्यंतचा वेळही पुरला नसता.

घाटकोपरला आपण उतरत नाही, आपल्याला उतरवलं जातं. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तेव्हापासून अर्धी मुंबई इथे गाडी बदलते. मला मात्र पूर्वेला जायचं होतं. तिकडे बाहेर पडलं की श्वास घेता येतो, आणि श्वास घेतला की खाऊगल्लीतल्या डोशावरच्या बटरचा वास येतो. घाटकोपर म्हणजे गुजराती, घाटकोपर म्हणजे डोसे, असं बाकीच्या मुंबईला वाटतं. वाटू दे. आमचं घाटकोपर त्याच्या थोडं पुढे, पंतनगरात होतं. म्हाडाच्या चार मजली इमारती, दोन इमारतींच्या मधे मातीचं आवार, आवारात नळ आणि नळापाशी दर दिवाळीत किल्ला.

'होतं' म्हणतेय, कारण ती इमारत आता नाही. रीडेव्हलपमेण्ट! मधल्या काळापुरतं म्हणून आम्ही डोंबिवलीला भाड्याने राहायला गेलो आणि तिथलेच झालो. माझा शाळेतला मित्र मात्र परत आला. त्याच जागी, पण चौदाव्या मजल्यावर.

मित्राचं नाव छापायचं नाही, ही त्याची अट. चकाल्याच्या एका कंपनीत तो टीम लीड आहे. "टीम लीड घरी बाहुल्या रंगवतो असं कळलं, तर अप्रेझलला कोण सीरियसली घेईल मला?"

बाहुल्या नाहीत हो त्या. लोक टीव्हीच्या बाजूला जिथे बुद्धाची मूर्ती ठेवतात ना, तिथे याची फौज उभी असते. साठेक बुटके. उंची जेमतेम इंचभर, दाढी कमरेपर्यंत, हातात कुऱ्हाड, हातोडा नाहीतर बंदूक. लांबून बघितलं तर रंगीत खडे मांडून ठेवल्यासारखे वाटतात. भिंग घेऊन बघा. पट्ट्याच्या बकलावर गंज चढलाय, ढालीवर ओरखडे आहेत आणि एका महाशयांच्या नाकाचा शेंडा दारू जास्त झाल्यासारखा लाल आहे.

बुटके म्हटलं की आपल्याला हिमगौरीचे सात आठवतात. डिस्नेचा तो सिनेमा १९३७चा. गंमत म्हणजे त्याच वर्षी टोल्किनचं 'द हॉबिट' आलं आणि त्यात तेरा बुटके डोंगरातलं आपलं गेलेलं राज्य परत मिळवायला निघाले. मित्राकडचे बुटके या दुसऱ्या घराण्यातले. त्यांचे पूर्वज सापडतात उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणकथांत. डोंगराच्या पोटात राहणारे हे कारागीर, थॉरचा हातोडा यांनीच घडवला. तिथून ते 'वॉरहॅमर' नावाच्या खेळात आले. खेळ १९८३चा, तो काढणारी 'गेम्स वर्कशॉप' ही इंग्लिश कंपनी १९७५ची. या खेळातले बुटके डोंगरी किल्ल्यांत राहतात, दिलेला शब्द मोडत नाहीत आणि कुणी अपमान केला तर तो एका जाडजूड वहीत लिहून पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवतात. (आमच्या जुन्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडेही अशी एक वही होती!)

खेळ टेबलावरच होतो. फौजा समोरासमोर मांडायच्या, टेपने इंच मोजून सैनिक सरकवायचे, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. 'टाइम मशीन'वाल्या एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले होते, तेव्हा मोठ्या माणसांचं हे खूळ शंभर वर्षांहून जुनं आहे. फक्त इथे फौज आयती मिळत नाही. करड्या प्लास्टिकच्या चौकटीत सुटे तुकडे येतात, डोकं वेगळं, हात वेगळे. चिकटवायचं तुम्ही, रंगवायचंही तुम्ही. आणि खरं व्यसन तिथेच आहे. हा पठ्ठ्या लढाई खेळतो वर्षातून दोन-तीनदा, कारण प्रतिस्पर्धी वाशीला राहतो आणि त्याच्या घरी नुकतीच मुलगी झालीय. रंगवतो मात्र रोज. रात्री साडेदहाला अमेरिकेचे कॉल संपले की बारापर्यंत.

त्याचं टेबल हा जुगाडाचा उत्तम नमुना आहे. कफ सिरपच्या बाटलीच्या झाकणावर बुटका चिकटवायचा आणि झाकण धरायचं, म्हणजे ओल्या रंगाला बोटं लागत नाहीत. श्रीखंडाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. पंखा फुल असला तरी रंग तासन्‌तास ओला राहतो. आधी कटरने साच्याची शिवण खरवडायची. मग प्रायमर. आणि इथेच आपली मुंबई आडवी येते. पावसाळ्यात हवेत इतकं पाणी असतं की स्प्रेचा प्रायमर पिठासारखा भुरभुरीत बसतो. एका जुलैत त्याने एका झटक्यात दहा बुटके असे वाया घालवले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर स्प्रे बंद, प्रायमर ब्रशनेच.

मग मूळ रंग, तोही दुधाइतका पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यायचे. त्यावर 'वॉश', म्हणजे गडद रंगाचं पाणी अंगभर सोडायचं. ते खाचांत जाऊन बसतं आणि इतका वेळ गोळा दिसणाऱ्या दाढीतून बटा सुटायला लागतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून "आईशप्पथ" निघालं. शेवटी कोरडा ब्रश. घेतलेला रंग फडक्याला जवळजवळ पुसून टाकायचा आणि जो काही उरेल तो वरच्यावर फिरवायचा. उंचवटे तेवढे उजळतात. दाढी पांढरी होते ती अशी, एकेक केस रंगवून नाही. डोळ्यांचं प्रकरण वेगळं. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडे देतात. इथे सगळे हात एकाच माणसाचे, आणि श्वास चुकला की बुटका चकणा!

तुम्हाला करून बघायचं असेल तर पहिल्याच दिवशी परदेशी बॉक्स मागवू नका. किंमत ऐकून छंद तिथेच सुटेल. दिवाळीत बाजारातून चार मावळे आणा, स्टेशनरीच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिक रंग आणि शून्य नंबरचा गोल ब्रश घ्या आणि बसा. आपल्या शाळेच्या दप्तरातलं ते कॅम्लिन १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईतच सुरू केलेलं. बुटक्यांनाही ते चालतं.

मित्राचा लाडका बुटका केशरी तुऱ्याचा. याला म्हणतात 'स्लेअर'. एखादी मोठी नामुष्की पदरी आली की हा बुटका केस केशरी रंगवतो, चिलखत टाकून देतो आणि मोठ्यातल्या मोठ्या राक्षसाशी लढत मरायची शपथ घेतो. २०२३ साली मित्राची नोकरी गेली. चार महिने घरी. घरात धड कुणाला सांगितलंही नव्हतं, सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि मेट्रोने उगाच वर्सोव्यापर्यंत जाऊन यायचा. वाटेत असल्फाच्या डोंगरावरची घरं दिसायची. २०१७ साली 'चल रंग दे'च्या स्वयंसेवकांनी रंगवली होती, तीच.

"रोज वाटायचं, यांनी आधी प्रायमर मारला असेल का? पहिला बॉक्स मी तेव्हा घेतला. अक्कल नाही असं वाटेल तुला, नोकरी नाही आणि हे घेतलं. पण सीव्ही पाठवायचा, उत्तर येत नाही. परत पाठवायचा. बुटका रात्री रंगवायला घेतला की रात्रीच संपायचा."

यावर मी काही बोलले नाही. काकूंनी चहा आणला. त्यांना हे सगळं केव्हाच माहीत होतं, असा मला दाट संशय आहे.

मग मी डबा उघडला.

किल्ला मुलगे करायचे. विटा रचायच्या, गोणपाट चिखलात बुडवून वर टाकायचं, हळीव पेरायचे. आम्ही मुली रांगोळीवर. पण मावळ्यांचे रंग उडाले की ते रंगवायला मलाच बोलवायचे, "तुझा हात बारीक आहे" म्हणून. मित्र तेव्हा कोपरापर्यंत चिखलात असायचा आणि ब्रशला हातही लावायचा नाही. ब्रश मी नेमका कधी सोडला, मला आठवत नाही. दहावीच्या वर्षी बहुतेक.

बुटक्यांशेजारी मावळे म्हणजे राक्षसच वाटायला लागले. त्यांच्यात आपसातही मापाचा पत्ता नाही. वाघ घोड्याहून मोठा, गवळण (हो, गडाखाली गवळण हवीच) तोफेच्या दुप्पट. मिशा मी काढलेल्या, काहींच्या थेट कानापर्यंत गेलेल्या. मित्राने एकाच्या फेट्यावरून ओलं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"पोस्टर कलर," तो डॉक्टर एक्स-रे बघतात तशा आवाजात म्हणाला. "खाली प्रायमर नाही, वर व्हार्निश नाही. आणि आत कच्ची माती. धुतलेस तर विरघळतील गं हे."

त्याचा सल्ला सोपा होता. खरवडायचं, प्रायमर द्यायचा, नव्याने रंगवायचं, एकदम सही दिसतील. मी तुतारीवाला उचलून बाजूला ठेवला. त्याचे डोळे बाबांनी काढलेत, काडेपेटीतल्या काडीच्या टोकाने. एक डोळा थोडा वर गेलाय. बाबांचा हात हल्ली थरथरतो, काडी सोडाच, पेनही नीट धरता येत नाही.

"हा नाही," मी म्हटलं. मित्राने का म्हणून विचारलं नाही.

पण नुसता ठेवला तरी रंग सुटतच राहणार. ब्रशने व्हार्निश द्यावं तर डोळे ब्रशबरोबर निघून येतील. स्प्रे मारावा तर हवा! ऑक्टोबर असला तरी मुंबईचा ऑक्टोबर. व्हार्निश पांढरं पडलं तर डोळ्यांवर कायमचा मोतीबिंदू. चारपर्यंत ऊन कडक झालं तसे आम्ही गच्चीवर गेलो, जुनं वर्तमानपत्र, स्प्रे आणि बिचारा वाघ घेऊन. पहिला प्रयोग त्याच्यावर. हातभर अंतरावरून झरकन एक फवारा. दहा मिनिटं आम्ही दोघंही, वय वर्षं अठ्ठावीस, एका कानतुट्या वाघाकडे टक लावून बसलो होतो. शेपटीपाशी थोडा भुरकट वाटला. "शेपटीवर धूळ होती," मित्र म्हणाला. मला पटलं नाही, पण ऊन उतरायला लागलं होतं.

तुतारीवाल्यावर स्प्रे मीच मारला. एकच हलका हात. डोळे राहिले. वर गेलेला वरच.

उरलेल्यांपैकी तिघांचे चेहरे पार पुसले गेले होते, ते मी रंगवायला घेतले. मित्राचा दिवा, मित्राचं भिंग. पहिली मिशी पुन्हा कानापर्यंत गेली. दुसरी बरी जमली. तिसऱ्याला मी वॉशही दिला आणि दगडी गोळ्यासारखा दिसणारा माणूस एकदम गालफडांसकट समोर आला. घड्याळात बघितलं तर साडेसात!

प्रश्न होता किल्ल्याचा. खाली पोडियम, त्यावर टाइल्स, टाइल्सखाली पार्किंग. आमचा नळ नेमका कुठे होता हे आम्ही दोघांनी वाकून बघितलं, पण अंदाज येईना. माती न्यायची नाही, अशी सोसायटीची नोटीस लिफ्टमध्येच लावलीय. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. आणि इथे तेरावा बांधायला पाटीभर माती मिळेना!

शेवटी बुटक्यांचा किल्ला कामी आला. मित्राने लढाईसाठी थर्माकोल कोरून डोंगर केलेला आहे, कडे, पायऱ्या, दरवाजा, सगळं. तो गॅलरीत आणला. पुढ्यात ट्रे ठेवून त्यात हळीव पेरायचे ठरलं आणि त्यासाठी खालच्या नर्सरीतून पाच किलो माती विकत आणली. पंतनगरात, माती, विकत! माचीवर मावळे, बुरुजावर तुतारीवाला. बुटके पायथ्याशी, कारण वर त्यांना कुणी बघितलंच नसतं.

शेजारची दोन पोरं डोकावली. धाकट्याने बराच वेळ बघून विचारलं, "हे दाढीवाले कोणाच्या बाजूने?"

मित्र घुटमळला. "महाराजांच्या," काकू आतून म्हणाल्या.

निघताना त्यांनी माझा रिकामा डबा मागून घेतला आणि चकल्या भरून दिला. परतीच्या गाडीत डबा मांडीवरच होता. कुणीच काही विचारलं नाही.