दादाचा सालगडी

रविवारी रात्री ४२ मिमी पाऊस झाला. सोयाबीन फुलावर आहे, चक्रीभुंगा कुठे कुठे दिसतोय. फवारणीचं पुढच्या नोंदीत. मागच्या फोटोत ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी व्हीलचेअरवर कोण बसलंय, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आज ते लिहितो.

तो माझा थोरला भाऊ. सात वर्षांपूर्वी विहिरीवर मोटारीचा पाइप काढताना पडला, मणक्याला मार लागला. कमरेखाली जाणीव नाही. हात आणि डोकं शाबूत. आमच्या नऊ एकरांचं डोकं आजही तोच आहे.

अशा माणसाची सेवा म्हणजे आंघोळ नि जेवण, असं लोकांना वाटतं. खरं काम कातडीचं असतं राव. दुखतंय हे कळतच नाही, त्यामुळे एका जागी दाब राहिला की जखम आतून वाढते. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. रोज आरसा धरून पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या जागेवर भार टाकायचाच नाही. दर चार-सहा तासांनी नळीने लघवी काढायची. ते दादा स्वतः करतो, पण हात धुवायला पाणी आणि स्वच्छ सामान वेळेवर लागतं. एक जखम चिघळली की दोन-तीन महिने पालथं पडून राहावं लागतं. पेरणी गेली म्हणून समजा.

पहिली चार वर्षं आई आणि वहिनींनी केलं. वहिनी एकदा म्हणाल्या, "मी बायको आहे का नर्स, तेच कळेना भावजी." मग शहरातल्या एका एजन्सीकडून मुलगा आणला. तो नऊला उठायचा. आमच्याकडे ज्या आठवड्यात दिवसाची लाईट असते तेव्हा सकाळी सहाला दादा व्हॉल्व्हपाशी हवा. बोललं की उत्तर ठरलेलं, "साहेबांना विचारतो." साहेब कोण, तर एजन्सीवाले. तीन महिन्यांत तीन मुलं बदलली, दर वेळी कूस कशी बदलायची ते पहिल्यापासून शिकवा.

तेव्हा दादाच म्हणाला, "माझा माणूस मी ठरवतो. पाडव्याला साल घालू." गावातलाच एक पंचविशीतला मुलगा. व्यवहार दादाने केला: वर्षाला १ लाख २० हजार, दोन वेळचं जेवण, महिन्याला दोन सुट्ट्या, पहाटे पाचला हजर. पैसे दादाच्या वाट्यातून, दादाच्याच हाताने. उचलायचं कसं, चादरीला चुणी का नको, हे सगळं त्यानेच शिकवलं. आई म्हणाली, "घरची माणसं असताना परका कशाला?" दादा हसला फक्त.

खटका माझ्याशीही उडाला. जुलैत तूर-सोयाबीनच्या फवारणीला माणूस मिळेना, मी म्हटलं याला अर्धा दिवस दे. दादा म्हणाला, "तो तुझा गडी नाही." मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण पगार कोण देतो आणि काम कोण सांगतो हे एकाच माणसाच्या हातात असावं, हे आपण शेतात रोज पाळतो. दोन मालकांचा गडी कुणाचाच नसतो. मी बाहेरून मजूर आणला, हजेरी जास्त गेली.

ही पद्धत काही आमची नवीन नाही. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा माणूस, १४ व्या वर्षी पोलिओ होऊन मानेखाली लुळा पडलेला. १९६२ साली बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला आणि मदतनीस आपले आपण नेमायला शिकला. त्या मंडळींनी १९७२ साली तिथे स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं. कॅलिफोर्नियात आज सरकार मदतनिसाच्या तासांचे पैसे देतं, पण माणूस निवडायचा, शिकवायचा, नको तर काढायचा हक्क ज्याचं शरीर त्याचा. घरच्याच कुणी काम केलं तरी त्याला पगार मिळू शकतो. हे वाचून दाखवल्यावर वहिनी म्हणाल्या, "चार वर्षांचा हिशेब काढू का मग?"

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३८ आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेला माणूस जास्त आधार हवा म्हणून स्वतः अर्ज करू शकतो. कागदावर चांगलं आहे. हातात येतात ते संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, २०२५ साली दिव्यांगांना १५०० चे २५०० केले. वर्षाचे ३० हजार, म्हणजे आमच्या सालाचा पाव हिस्सा. उरलेले ९० हजार सोयाबीन देतं, आणि सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे. ज्याला जमीन नाही त्याने काय करायचं? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, तो कशावर खर्च झाला ते ग्रामसभेत विचारा. आमच्याकडे दादाने विचारलंय, अजून उत्तर आलं नाही.

पोळ्याला मुलगा दोन दिवस घरी जाणार. बदलीला चुलत्याचा पोरगा येतोय. आज सकाळपासून दादा त्याला खाटेवर कूस बदलायला शिकवतोय, आणि गिऱ्हाईक म्हणून झोपलोय मी.